'सगळी पोरं थांबतात, मग तुलाच काय झालं?'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात एका मंगळवारी माझी नात दफ्तर पोटाशी धरून शाळेतून घरी आली. दफ्तर पाठीवरून पोटाशी का आलं, हे तिच्या आजीला दारातच कळलं. मला कळायला पाणी पिऊन होईपर्यंत वेळ लागला. गणवेशाचा स्कर्ट पुढून भिजून वाळला होता आणि वाळताना त्यावर पांढरी कड उमटली होती. पोरगी नऊ वर्षांची, चौथीत. गणिताच्या तासाला तिनं दोनदा करंगळी वर केली होती. मॅडम म्हणाल्या, "लघवीच्या सुट्टीला वीस मिनिटं राहिलीत. सगळी पोरं थांबतात, मग तुलाच काय झालं?" तिसऱ्यांदा तिनं करंगळी वर केली नाही.

त्या मॅडमबद्दल पुढे सांगतो. आधी त्यांच्या वाक्याबद्दल लिहायचंय. कारण पोरं आणि पोरी लघवी कशानं थांबवतात, ते मी नोकरीत असताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं आहे.

मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, शरीररचनाशास्त्र विभागात, मी एकतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. डॉक्टर नाही. बारावी सायन्स, आणि पुढचं सगळं हाताला लागलेलं काम. टोपी घालणाऱ्या म्हाताऱ्यानं पेपरात लघवीवर लिहावं हे आमच्या गावात शोभत नाही, म्हणून नाव छापू नका, ही विनंती आताच करून ठेवतो.

1997 च्या सुमारास आमच्या विभागात एक डॉक्टरीणबाई पदव्युत्तरला होत्या. त्यांनी प्रबंधाला विषय घेतला गर्भाच्या मूत्रमार्गाभोवतालच्या स्नायूंचा. आपोआप गर्भपात झालेले किंवा पोटातच दगावलेले गर्भ आईबापांच्या लेखी संमतीनं यायचे. त्यांचं रजिस्टर होतं, फॉर्मालिनच्या बाटल्या होत्या, आणि प्रत्येक बाटलीवर माझ्या अक्षरात तीन गोष्टी लिहिलेल्या असायच्या: नोंदणी क्रमांक, किती आठवडे, आणि 'पु' की 'स्त्री'.

इथे एक सांगायचं राहवत नाही. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा 1994 चा. तरी आमच्या भागात तेच एक अक्षर जाणून घ्यायला लोक रात्रीची जीप करून जायचे. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली निघाल्या. राज्याचा आकडा 894 होता, तोही काही मिरवण्यासारखा नव्हे. 'पु' की 'स्त्री' एवढं कळलं की लोकांचं काम संपायचं. त्या अक्षरानं शरीरात आत काय काय बदलतं, हे विचारायला माझ्या एकतीस वर्षांत बाहेरचं एक माणूस आलं नाही.

तर काम असं असायचं. ओटीपोटाचा तुकडा मेणात बसवायचा. मेणाचा ठोकळा मायक्रोटोमला लावून चाक फिरवायचं, की पाच-सात मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचे काप एकमेकांना चिकटून फितीसारखे बाहेर पडतात. ती फीत ब्रशनं उचलून कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या गेल्या की स्लाइडवर घ्यायची. जोरात श्वास सोडला तरी फीत उडते, म्हणून पंखा बंद. एप्रिल-मे मध्ये पंखा बंद करून बसलं की माणूस तर विरघळायचाच, पण मेणही मऊ पडायचं. मग ठोकळा बर्फावर ठेवायचा, दहा काप घ्यायचे, परत बर्फावर. एका गर्भाचे शेकडो काप निघत. त्यांना मॅसनचा रंग दिला की स्नायू लाल दिसतो आणि त्याच्या आजूबाजूचं ऊतक निळं. त्या निळ्यात लाल धागे नेमके कुठं आहेत, हे डॉक्टरीणबाई कागदावर काढून घ्यायच्या. त्या थकल्या की मी काढायचो. दोन वर्षांत मला ते पाठ झालं.

गर्भात सुरुवातीला लघवीची वाट आणि शौचाची वाट अशा दोन वाटा नसतातच, एकच खोली असते. सातव्या आठवड्यापर्यंत मधे पडदा उतरतो आणि पुढची खोली लघवीची होते. तिच्या वरच्या भागाचं मूत्राशय होतं. (आमच्याकडे नुसतं 'पिशवी' म्हटलं की बाया गर्भाशय समजतात, म्हणून मी मूत्राशयच म्हणतो.) इथपर्यंत मुलगा आणि मुलगी यांच्या स्लाइडी मिसळल्या तर मला काय, कुणालाच वेगळ्या काढता येणार नाहीत.

आठव्या आठवड्याच्या आसपास मुलाच्या वृषणातून टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक पाझरायला लागतं. दहाव्या ते बाराव्या आठवड्यात त्याच्या लघवीच्या नळीच्या भिंतीतून प्रोस्टेटचे, म्हणजे मूत्राशयाखाली नळीभोवती असणाऱ्या पुरुषी ग्रंथीचे, कोंब फुटतात. हरभऱ्याला मोड येतात ना, तसेच दिसतात. नळी मूत्राशयापासून थेट लिंगाच्या टोकापर्यंत लांबते, आणि मोठेपणी ती अठरा-वीस सेंटिमीटर भरते. मुलीची नळी जिथल्या तिथं राहते. बाईची अख्खी नळी चारएक सेंटिमीटरची. डॉक्टरीणबाईंनी मला एकदा दोन स्लाइडी शेजारी ठेवून दाखवलं होतं की बाईची ही सबंध नळी पुरुषाच्या नळीच्या फक्त वरच्या तुकड्याएवढ्या मालातून झालेली असते.

आता स्नायू. नळीभोवती दोन थर असतात. आतला आपोआप चालतो, त्याला आपला हुकूम लागत नाही. बाहेरचा आपल्या ताब्यातला. करंगळी वर करून पोरगं ज्याच्या जोरावर उभं असतं तो हा, त्याला स्फिंक्टर म्हणतात. चित्रात तो बांगडीसारखा गोल काढतात. पहिल्यांदा स्लाइड पाहिली तेव्हा मला वाटलं, माझा काप फाटला. लाल धागे पुढच्या बाजूला दाट होते, दोन्ही अंगांनी मागे जाताना विरळ, आणि मागच्या बाजूला चक्क उघडं. मी दुसरा काप घेतला, तिसरा घेतला. सगळीकडे तेच. घोड्याच्या नालासारखा आकार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फाटलेलं नाही, असाच असतो." मुलग्यातही असाच, मुलीतही असाच. फरक नंतर पडतो. मुलग्यात प्रोस्टेट वाढत वाढत या नालाच्या आतच घुसतं. वरचा स्नायू त्याच्या अंगावर ताणून पातळ होतो, आणि दाट भाग खाली, प्रोस्टेटच्या बुडाशी जमतो. मुलीत मधे घुसणारं काही नसतं. स्नायू नळीच्या मधल्या भागावर दाट राहतो आणि खालचे काही धागे योनिमार्गालाही वेढायला जातात. शिवाय मुलग्याच्या मूत्राशयाच्या तोंडाशी आपोआप चालणाऱ्या स्नायूचं एक जादा कडं असतं. त्याचं मुख्य काम मोठेपणी वीर्य उलटं वर जाऊ न देणं. बाईला त्या कामाची गरज नाही, तिच्या मूत्राशयाच्या तोंडाशी तसं उठून दिसणारं कडं नसतं.

हे सगळं पाहून मी एके दिवशी शहाणपणा केला. म्हणालो, "म्हणजे बाई, मुलींना देवानं हातचं राखून दिलं." त्यांनी सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढलं आणि विचारलं, "मग रात्री गोधडी कोण जास्त भिजवतं?"

माझा धाकटा तेव्हा आठ वर्षांचा होता आणि आमच्या क्वार्टरच्या गॅलरीत रोज सकाळी गोधडी वाळत पडायची, हे त्यांना माहीत होतं. रात्री अंथरूण ओलं करणाऱ्या लेकरांत मुलगे मुलींच्या साधारण दुप्पट असतात. मुली दिवसाही आणि रात्रीही लवकर सुधारतात. म्हणजे लांब नळी, जादा कडं, सगळा सरंजाम असून मुलग्यांनाच कोरडं व्हायला उशीर लागतो, कारण स्नायू पोटातच घडलेला असला तरी त्याला हुकूम द्यायला डोकं नंतर शिकतं. तोच धाकटा आता पुण्यात कंपनीत आहे, आणि स्कर्ट भिजवून आली ती त्याचीच पोरगी. हे पत्र छापून आलं तर तो माझ्याशी महिनाभर बोलणार नाही.

तेव्हा 'सगळी पोरं थांबतात' हे पहिल्यापासूनच खरं नव्हे. नऊ वर्षांच्या लेकराच्या मूत्राशयात किती मावतं याचा डॉक्टरांचा एक ठोकताळा आहे: वयात दोन मिळवायचे आणि तीसनं गुणायचं. म्हणजे 330 मिलिलिटर, एक लिटरच्या बाटलीचा तिसरा हिस्सा. मुलगा असो की मुलगी. त्याच्या पुढं ताणलं तर गळणार, नाहीतर लेकरू स्नायू आवळून धरायला शिकणार. आवळायची सवय लागली की पुढे मोकळं व्हायला बसलं तरी तो स्नायू नीट सैल पडत नाही, थोडी लघवी आत राहते, शौचाला खडा होतो, आणि राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात. इथे मात्र मुलीची आखूड नळी आडवी येते. बाहेरच्या जंतूला आत पोचायला मुलग्याच्या मानानं अंतरच कमी. मग उन्हाळी लागते, लघवीला जळजळ होते. आपल्याकडे उन्हाळी लागली की धने-जिऱ्याचं पाणी देतात, सब्जा देतात. द्या, पण तापही आला, पाठ दुखली, तर लघवी तपासून घ्या.

लोकांना वाटतं मुलग्यांचं काही बिघडत नाही. आमच्या कपाटात खालच्या फळीवर एक बाटली होती. 'पु', सव्वीस आठवडे. त्याचं मूत्राशय कापलं तेव्हा भिंत एवढी जाड निघाली, की कातडी चेंडू कापल्यासारखं वाटलं. त्याच्या नळीत, वरच्या भागात, पातळ पापुद्र्याची झडप होती, एवढीशी. लघवी पुढे जाईना म्हणून मूत्राशयाचा स्नायू जोर लावत राहिला आणि जोर लावून लावून जाड झाला, जसा हमालाचा दंड होतो. मूत्रपिंडं फुगून पाण्यानं भरली होती. ही झडप फक्त मुलग्यांतच होते. पाच ते आठ हजार मुलग्यांत एकाला. अमेरिकेतल्या ह्यू हॅम्प्टन यंग नावाच्या शल्यविशारदानं 1919 मध्ये तिचं सविस्तर वर्णन केलं. गर्भ तिसऱ्या महिन्यापासून लघवी करायला लागतो, आणि पुढे पोटातलं गर्भजल म्हणजे मुख्यतः त्याचीच लघवी असते. ती अडली की पाणी कमी पडतं, आणि पाण्यावाचून फुप्फुसं वाढत नाहीत. लघवीच्या वाटेवरचा एक पापुद्रा लेकराचा श्वास अडवतो, हे त्या बाटलीनं मला शिकवलं.

सोनोग्राफीत हे बऱ्याचदा आधी दिसतं, जन्मल्यावर दुर्बिणीनं झडप जाळता येते, आणि वेळेत झालं तर मूत्रपिंडं वाचण्याची आशा असते. पण कधी कुणाला दिसतच नाही, आणि लेकरू घरी येतं. आमच्याकडे बाळाची धार हा हसण्याचा विषय. पाळण्यावरून उडून पाहुण्याच्या धोतरावर गेली की 'पराक्रमी निघणार' म्हणतात. पण जे थेंबथेंब मुततं, मुतताना कुंथतं, ज्याचं ओटीपोट लघवी केल्यावरही टणक लागतं, त्याच्याबद्दल आजी म्हणते, 'होईल मोठं झाल्यावर.' बाळंतिणीच्या खोलीत ज्यांचा वावर आहे त्या आशाताईंनी आणि आज्यांनी मुलग्याची धार एकदा नीट बघावी, एवढं माझं ऐकावं.

पत्र लांबलंय. कात्री लावायची तर लावा, फक्त काप बारीक घ्या.

आता मॅडम. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो तो रागातच. लघवीच्या सुट्टीत मॅडम व्हरांड्यात वह्या तपासत होत्या. मी खुर्ची ओढून बसलो आणि त्यांच्याच खडूनं फरशीवर नाल काढून दाखवायला लागलो. हा मुलग्याचा, हा मुलीचा. अर्ध्यावर आलो तर त्या म्हणाल्या, "आबा, मी सकाळी सव्वासातला घरून निघते. दोन गाड्या बदलते. साडेपाचला शाळा सोडली की घरी जाऊनच लघवीला बसते. दुपारी पाणी पीत नाही. दोनदा उन्हाळी लागून सलाइन घेतलंय. पोरींना मी काय सांगू?"

माझा खडू हातातच राहिला. पोरीला जे सांगत होत्या ते त्या रोज स्वतःला सांगत होत्या.

शाळेला स्वच्छतागृह नाही असं नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुला-मुलींना वेगवेगळी स्वच्छतागृहं लिहिलेली आहेत आणि आमच्या शाळेत ती आहेत. गुलाबी रंग दिलेला, दारावर फुलपाखराचं चित्र. त्याला कुलूप आहे. किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात, कारण गावातली माणसं रात्री येऊन घाण करतात. वरच्या टाकीत पाणी नाही, कारण शाळेचं बोअर फेब्रुवारीतच आटतं. मुलगे कंपाउंडच्या मागे जाऊन उभे राहतात आणि मोकळे होतात. मुली 'थांबतात'. सकाळी घरून निघताना आई सांगते, पाणी कमी पी. 42 अंशांच्या उन्हात नऊ वर्षांची पोर अर्धी बाटली पाणी परत घरी आणते, हे मी माझ्या घरातच बघितलंय, पण त्याचा अर्थ मला इतके दिवस लागला नव्हता. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा आम्ही सगळे टँकरच्या रांगेची बातमी वाचत होतो. त्या उन्हाळ्यात किती पोरींनी दिवसभर स्नायू आवळून धरला असेल, ते कुठल्या बातमीत येणार?

मुख्याध्यापक सज्जन माणूस आहे. त्यांना मी स्नायूबियू सांगितला नाही, किल्ली मागितली. ती आता चौथीच्या वर्गात दारामागच्या खिळ्याला असते. मॅडमनी तिला लाल रिबन बांधलीय. पाण्याचं म्हणाल तर मी सकाळी सायकलवर वीस-वीस लिटरचे दोन कॅन नेऊन बाहेरच्या बॅरलमध्ये ओततो. मी सत्तरीला आलोय, सायकल जुनी आहे, आणि शाळेत बेचाळीस मुली आहेत. दर डोई लिटरसुद्धा येत नाही. पंचायत समितीनं शाळेच्या टाकीत आठवड्याला एक टँकर सोडला तरी भागेल. गावच्या टाकीत टँकर येतोच, शाळा तिथून दोनशे पावलांवर आहे. अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. हे आपल्या पेपरात आलं तर कुणीतरी वाचेल, म्हणून हा पत्रप्रपंच.

गेल्या सोमवारी नात घरी आली तेव्हा दफ्तर पाठीवर होतं आणि बाटली रिकामी होती. मी विचारलं, मॅडम काही म्हणाल्या का? म्हणाली, "नाही. आता विचारायचं नसतं. किल्ली घ्यायची, जायचं, परत लावायची. मॅडम पण जातात."

आपला,
एक सेवानिवृत्त प्रयोगशाळा सहायक,
ता. केज, जि. बीड

(नाव छापू नये. गावाचंही. पोरगी अजून त्याच शाळेत आहे.)